केसाने गळा

माझ्या डोक्यावरचे केस मला सोडून गेले त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. भांडणतंटा काही झाला नाही. एकत्र कुटुंबातले भाऊ वेगळे निघतात तसे ते आधी कपाळावरून आणि मग टाळूवरून आपापली बिऱ्हाडं हलवत गेले. कानांच्या वर दोन्ही बाजूंना थोडी वस्ती उरली आहे, तीही जुन्या जागेच्या मायेपोटी. खामगावातल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथल्या पोरांनी माझं नाव 'पौर्णिमा' ठेवलं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे पोरांनाही ठाऊक होतं. एकदा पावसाळ्यात भर वर्गात वीज गेली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जरा मधोमध उभे राहा, उजेड पडेल." मी उभा राहिलो. सगळा वर्ग हसला, मीही हसलो, आणि मग त्या आवाजाच्या मालकाला उभं करून पुढची कविता वाचायला लावली. हिशेब जागच्या जागी मिटला.

सांगायचा मुद्दा असा, की टकलावरच्या विनोदांचा मी नुसता जाणकार नाही, तर मालकच आहे, अशी माझी समजूत होती. टकल्याला टकलावर हसायला परवाना लागत नाही. या समजुतीनेच माझा घात केला.

त्याचं असं झालं. २०२५ सालच्या जानेवारीत आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव एकाएकी देशभर झालं. एरवी ते बाहेर जातं शेगावच्या गजानन महाराजांमुळे, सिंदखेडराजाच्या जिजाऊंमुळे, लोणारच्या सरोवरामुळे, नाहीतर अक्षय्यतृतीयेच्या सुमारास भेंडवळच्या घटमांडणीमुळे. पाऊस कसा पडेल, कपाशी कशी येईल, ज्वारीला भाव किती, हे सगळं भेंडवळचे घट सांगतात म्हणे. पण डोक्यावरचं पीक जाणार आहे, असं काही त्या घटांत कोणाला दिसलं नव्हतं.

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस गळू लागले. गळू लागले म्हणजे माझ्यासारखे हप्त्याहप्त्याने नव्हेत. आधी डोकं खाजायचं, मग केसांना हात लावला की पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत डोकं साफ! पुरुषांचं, बायकांचं, कॉलेजात जाणाऱ्या पोरींचं आणि लहान लेकरांचंसुद्धा. कोणी शाम्पूवर खापर फोडलं, कोणी बोअरच्या पाण्यावर, कोणी बुरशीवर. आरोग्य खात्याची माणसं आली. पाण्याचे नमुने गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली आणि त्यांनी रक्ताचे, केसांचे नमुने नेले. बाधितांचा आकडा हळूहळू अडीचशेच्या वर गेला.

पण नमुने प्रयोगशाळेत पोचायच्या आत विनोद घरोघर पोचले होते.

आता मी पडलो जुना मराठीचा मास्तर. किराणा बांधून आलेल्या कागदावरचा मजकूरही रसग्रहण केल्याशिवाय मला टाकवत नाही. फोनवर हे साहित्य धो धो येऊ लागलं, तेव्हा त्याचीही समीक्षा मनातल्या मनात सुरू झाली. प्रकार मुख्यतः चार. पहिला उखाणा : त्यात नवऱ्याचं नाव घेता घेता बायकोचा गंगावन पडायचा. दुसरा प्रवासोपयोगी सूचना : शेगावला निघालात तर कचोरी आणा, पण कंगवा नेऊ नका. तिसरा चित्रफीत : गावातल्या कोणाचं तरी डोकं अगदी जवळून दाखवायचं आणि मागे जुल्फांवरचं सिनेमातलं गाणं लावायचं. चौथा प्रकार वधूवरविषयक, त्याच्याकडे पुढे येतोच.

वाङ्मय म्हणून यात दोष काय? यमक चुकतं, हा दोष किरकोळ. मोठा दोष असा, की या वाङ्मयाला लेखकच नाही. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर दोन बाण आणि 'अनेक वेळा पुढे पाठवलेला' अशी पाटी. म्हणजे बेवारस पेटीवर रेल्वे चिकटवते तशी. ओवीला लेखक नसतो, म्हणीला नसतो, हे मला कबूल आहे. पण जात्यावरची बाई ओवी म्हणते ती स्वतःच्या तोंडाने, शेजारीण ऐकत असते आणि ओवी चुकली तर तिथल्या तिथे सांगते. इथे म्हणणाऱ्याचं तोंडच दिसत नाही, दिसतं ते ज्याच्यावर हसायचं त्याचं डोकं.

दुसरा दोष त्याहून वाईट. आपल्याकडे टकलावरचा विनोद पूर्वीपासून होता, पण तो टकल्याच्या देखत व्हायचा. माझ्या वर्गात झाला तसा. टकल्या समोर बसलेला असे आणि सव्याज परतफेड करी. इथे ज्याच्यावर हसायचं तो मैफलीत नाही. त्याच्या वाट्याचा टोमणा त्याला आठ दिवसांनी पुतण्याच्या फोनवर मिळतो, तोही उत्तराचा पत्ता नसलेला.

अशी लाट आमच्या जिल्ह्यावर पूर्वी एकदा आली होती. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा जगभरातून फोटो फिरले. शाप म्हणू नका, कलियुग म्हणू नका, लोकांनी काही शिल्लक ठेवलं नाही. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. सरोवराचं या बोलण्याने काही बिघडलं नाही. त्याला थोडंच कोणाच्या पसंतीला उतरायचं होतं!

एवढी समीक्षा मनात तयार असताना मी काय केलं असेल? जे समीक्षक करतात तेच. स्वतः निर्मितीत उतरलो.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा निवृत्तांचा एक गट आहे. चालणं एक किलोमीटर, बोलणं सहा. त्या गटावर एके दिवशी मजकूर आला : 'शेगाव कडील स्थळ असल्यास मुलीचि पत्रीका पाहण्या अगोदर टाळु पहावी'. एका वाक्यात सहा चुका! माझ्या अंगावर काटा आला. विनोद क्रूर आहे हे जाणवलं नाही, असं मी म्हणणार नाही. जाणवलं. पण त्याआधी ऱ्हस्व-दीर्घ जाणवले. मी चष्मा पुसला, शब्द जोडले, वेलांट्या-उकार जागेवर बसवले, 'पहावी'ची 'पाहावी' केली, शेवटी पूर्णविराम दिला, आणि खाली एक ओळ स्वतःच्या पदरची घातली : 'अनुभवी टकल्याचा सल्ला'. मग तो माल तीन गटांवर पाठवून दिला. फिरणाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या. संध्याकाळपर्यंत सतरा अंगठे आले. आयुष्यभर अंगठे धरायला विरोध केलेल्या मास्तराला सतरा अंगठ्यांचा एवढा आनंद व्हावा, हे चमत्कारिकच. पण झाला.

फेब्रुवारीत माझा एक जुना विद्यार्थी तुरीची डाळ घेऊन आला. दरवर्षी येतो. शेगाव तालुक्यातल्या एका गावात त्याची शेती आहे. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. त्या बाजूच्या गावांची नावं घेऊन झाली तेवढी पुरे. डोक्याला त्याने दुपट्टा बांधला होता. डाळ मोजून झाली, चहा झाला, पण उठायचं नाव नाही. मग म्हणाला,

"सर, एक इचारू का? राग तं नाही येनार?"

"विचार की."

त्याने फोन काढून माझ्यापुढे धरला. "हे तुमीच लिवलं ना?"

मी वाचलं आणि म्हणालो, "यावर माझं नाव आहे का?" पकडलेल्या चोराचं पहिलं वाक्य हेच असतं, असं मागाहून लक्षात आलं.

"नाव नाही सर. पन 'पाहावी' मंधी काना हाय. आमच्या गुरुपवर आजवर कोनी काना देल्ला नाही. तुमी आमाले सातवीत पन्नास खेपा लिवाले लावलं होतं ते."

सातवीतला गृहपाठ चाळीस वर्षांनी तपासून परत आला होता, आणि या खेपेला लाल शाई त्याच्या हातात होती.

त्याच्या पुतणीचे केस जानेवारीत गेले होते. पोरगी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला. अकोल्याकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलेलं. त्यांनी आधी 'पाहू' म्हटलं, मग 'पुढच्या वर्षी पाहू' म्हटलं, आणि शेवटी पोरीच्या बापाला हाच मजकूर वाचून दाखवला. विद्यार्थी सांगत होता, "पाहुन्यायनं काय म्हनलं मालूम हाय का सर? म्हने, आमी नाही म्हनत हे. तुमच्याच जिल्ह्यातले चांगले शिकलेले मानसं म्हनतात."

शिकलेली माणसं! मजकूर सहा चुकांसकट गेला असता, तर कोणा टवाळाचा म्हणून सोडून दिला असता. मी त्याला शुद्ध केलं आणि त्याला वजन आलं. विनोदाचं मी निवेदन करून दिलं. 'केसाने गळा कापणे' हा वाक्प्रचार मी वर्गात तीस वर्षं शिकवला, अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून आणायला सांगितला. माझा स्वतःचा उपयोग असा व्हायचा होता.

विद्यार्थ्याने आवाज चढवला नाही. डाळीचे पैसे घेतले, गेल्या वर्षीच्याच भावाने, आणि नमस्कार करून गेला. तो चार शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी स्वतःचं वकीलपत्र घेतलं. माणूस स्वतःचा वकील झाला म्हणजे फी लागत नाही आणि मुद्दे भरपूर सुचतात. पहिला मुद्दा : जबाबदारी गटप्रमुखाची. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्येच, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, ती वाट बंद करून ठेवली आहे. सदस्याने काही भलतंसलतं टाकलं आणि प्रमुखाचा त्यात सामील हेतू नसला, तर नुसता प्रमुख आहे म्हणून त्याला धरता येत नाही. आमचे गटप्रमुख सुटले. ज्याचं बोट, त्याचं पाप.

दुसरा मुद्दा : सगळेच पाठवत होते, मी एकट्यानेच काय केलं? हा मुद्दा गावकीइतका जुना आहे. पूर्वी कोणाची गाढवावरून धिंड काढायची, तर आधी गाढव शोधावं लागे. मागून चालायला पाय दुखवावे लागत, आणि कोण कोण चाललं होतं ते सगळ्या गावाला दिसे. संध्याकाळ झाली की धिंडही संपे आणि गाढवही सुटे. आताच्या धिंडीत चालावं लागत नाही, चेहरा दिसत नाही आणि संध्याकाळ होत नाही. माणसाला वाळीत टाकणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. पण तो करताना डोळ्यांपुढे जातपंचायती होत्या. सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांचीही एक पंचायत असते आणि ती पारावर न बसता निवाडे देते, हे तेव्हा कोणाला सुचलं नसेल.

'सगळेच पाठवत होते' याचा शेवट कुठे होतो, तेही आपण पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. मारणारे हात मोजता आले, माणसं पकडली गेली. पण 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हे त्याआधी फोनाफोनांतून पुढे ढकलणारी बोटं किती होती, ते कोणी मोजलं नाही. त्यांतल्या एकाही बोटाला रक्त लागलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी मजकूर पाठवता येणार नाही असा लगाम घातला. मला तीनच ठिकाणं पुरली.

उरला तिसरा आणि सगळ्यांचा लाडका मुद्दा : 'मी कुठे लिहिलं? मी फक्त पुढे पाठवलं.' हा मुद्दा मला पटत आला होता. तेवढ्यात, केसांचाच विषय असल्यामुळे असेल, मला मुंबईचे न्हावी आठवले. विधवांच्या केशवपनाची रूढी न्हाव्यांनी काढलेली नव्हती. ठरवणारे वेगळे होते, बोलावणारे वेगळे, न्हाव्याचा फक्त वस्तरा. तरी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले शेकडो न्हावी एकत्र जमले आणि आम्ही विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. आम्ही फक्त वस्तरा चालवतो, असं त्यांना सहज म्हणता आलं असतं. त्यावर त्यांचं पोट होतं. माझं पोट पेन्शनीवर चालतं आणि माझ्या हातून सुटलं ते सतरा अंगठ्यांसाठी. वकीलसाहेब खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर पुसायला घेतला. पण 'सगळ्यांच्या फोनवरून पुसा' ही सोय दोन दिवसांपुरतीच असते आणि मला तर महिना उलटला होता. मग तिन्ही गटांवर माफी लिहिली. शुद्ध. उत्तरादाखल दोन नमस्काराचे हात आले, एक 'सर, तुम्ही फारच मनाला लावून घेता' आलं आणि एका सद्गृहस्थाने गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' म्हटलं. माफी कोणीही पुढे पाठवली नाही. विनोद अकोल्याला जाऊन आला होता, माफी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही गेली नाही.

आमची ही सगळं पाहत होती. म्हणाली, "अहो, फोनवर केलेली घाण फोननेच कशी निघेल? शेगावची एसटी बंद पडली आहे का?"

तोवर महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावसकर यांचा निष्कर्ष वर्तमानपत्रांत आला होता. विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेला हा माणूस. त्यांनी तपासण्या करवून सांगितलं, की या लोकांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं आहे, आणि ते आलं आहे रेशनच्या गव्हातून. सेलेनियम शरीराला लागतं, पण कणभर. फार झालं की केस जातात, नखंही जातात. एप्रिलमध्ये त्याच भागात नखं गळाल्याच्याही बातम्या आल्या. म्हणजे आमच्या गटांवर 'आंघोळ करत जा रे' असले सल्ले फिरत होते, त्या गावांचा डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अपराध एवढाच, की त्यांनी मिळाला तो गहू खाल्ला. रेशनच्या रांगेत उभं राहणाऱ्याचे केस गेले आणि त्या रांगेत कधी उभा न राहिलेला हसला. मी धरून.

मार्चमध्ये एका सकाळी मी एसटीत बसलो. वाटेत भाषणाची तयारी केली : आरंभ, मध्य, समारोप. घरात गेलो तर समोर पुतणीच बसलेली. डोक्यावर ओढणी नाही. बोटभर केस परत आले होते, नुकत्याच वर आलेल्या हरभऱ्यासारखे. भाषण आरंभालाच संपलं. "बाई, तो मजकूर मी पाठवला होता. माझी चूक झाली," एवढं कसंबसं म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्याकडे, म्हणजे नेमकं सांगायचं तर माझ्या डोक्याकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येत नाही. ती आली ती कागद घेऊन.

"सर, काका म्हणतात तुमचं शुद्धलेखन पक्कं आहे. हे तपासून देता का?"

अर्ज होता. गावातल्या सगळ्यांच्या वतीने तिने लिहिलेला. तपासणीचे निकाल आम्हाला लेखी आणि मराठीतून कळवा, पुढच्या औषधोपचाराचं काय ते सांगा, गहू वाटण्याआधी तपासा. आणि शेवटी एक ओळ : 'आमचे फोटो विचारल्याशिवाय कोणी काढू नयेत.' चार चुका होत्या. मी त्या काढल्या आणि कागद परत दिला. शेवटच्या ओळीत चूक नव्हती.

"झालं का शुद्ध?" तिने विचारलं.

"झालं."

"मग आता पुढे पाठवा ना. त्याच तीन गटांवर."

मी तिथेच बसून पाठवला, आणि खाली या वेळी माझं पूर्ण नाव लिहिलं. रात्री घरी येऊन पाहिलं तर चार अंगठे आले होते. त्यांतला एक आमच्या हिचा होता.